दुसऱ्यांदा नाक उघडताना: सर्जन निवडण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका २८ वर्षांच्या मुलीचं आहे. ती बँकेत नोकरी करते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. तिच्या घरची मी फॅमिली डॉक्टर. नाकाच्या शस्त्रक्रिया मी करत नाही, पण एकदा बिघडलेलं नाक दुसऱ्यांदा कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवताना मी त्या कुटुंबाबरोबर होते. लिहायला बसले त्याचं कारण एकच. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी सर्जन निवडताना लोक जे बघतात (फोटो, नाव, दवाखान्याचा थाट, खर्च), त्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा सर्जन निवडता येत नाही. दुसऱ्या वेळी सर्जनला आधी कोणीतरी करून ठेवलेलं काम वाचता यावं लागतं. ते ज्याला येतं तो कसा ओळखायचा, हा या प्रकरणातला खरा प्रश्न होता.

काय बिघडलं होतं

मुलीच्या नाकावर लहानपणापासून उंचवटा होता आणि आतला पडदा डावीकडे वळलेला. सर्दी झाली की नाक बंद, मग घरचे म्हणायचे 'हाड वाढलंय'. पंचविशीत तिने दोन्ही एकदमच करून घ्यायचं ठरवलं: उंचवटा घासून काढायचा आणि पडदा सरळ करायचा. मोठ्या शहरातलं एक केंद्र इन्स्टाग्रामवरच्या फोटोंवरून निवडलं. पॅकेज ठरलं, शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर निघालं आणि पहिले काही महिने घरात आनंदीआनंद होता.

नाकाच्या शस्त्रक्रियेत फसगत होते ती नेमकी इथे. सुरुवातीला जे दिसतं त्यात बराचसा भाग सुजेचा असतो. सूज हळूहळू ओसरते, शेंड्यावरची सगळ्यात शेवटी, आणि त्वचा आत आक्रसून खालच्या सांगाड्यावर बसते. सांगाड्यात जे कमी पडलं असेल ते त्यानंतरच दिसायला लागतं. हिच्या बाबतीत वर्षभराने नाकाच्या मधल्या भागात, हाड संपून कूर्चा (कानात असतं तसं लवचिक मऊ हाड) सुरू होते तिथे, दोन्ही बाजूंना उलट्या 'व्ही'सारखी सावली पडायला लागली. शेंडा चिमटीत धरल्यासारखा झाला. उजव्या नाकपुडीची कड वर ओढली गेली. आणि या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जिना चढताना उजव्या बाजूने श्वासच मिळेना.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. नाकाच्या मधल्या भागात पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यात साधारण १० ते १५ अंशांचा कोन असतो. श्वासाच्या वाटेतली ही सगळ्यात अरुंद जागा. उंचवटा काढताना पडद्याशी जोडलेली बाजूची कूर्चा सुटते. तिला पुन्हा आधार दिला नाही तर ती आत कोसळते, कोन मिटतो, आणि बाहेरून तीच जागा सावलीसारखी दिसते. त्या फटीत कूर्चेची बारीक पट्टी बसवून कोन उघडा ठेवण्याची पद्धत अमेरिकी सर्जन जॅक शीन यांनी १९८४ मध्ये मांडली. आज ती जगभर वापरली जाते. म्हणजे हिच्या नाकाचं दिसणं आणि श्वास हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच. एकाच कोसळलेल्या भिंतीची ती दोन लक्षणं होती.

माझ्याकडे आली तेव्हा मी तिला तोंड मिटून जोरात श्वास आत घ्यायला सांगितलं. नाकाची उजवी बाजू डोळ्यांदेखत आत ओढली गेली. मग कापूस गुंडाळलेल्या काडीने आतून ती भिंत अगदी हलकेच, दोन-तीन मिलिमीटर बाहेर धरली आणि म्हटलं, आता घे. तिने श्वास घेतला आणि माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, हे असं असतं?" ही चाचणी पक्की नव्हे. गालाची त्वचा बाहेर ओढून करतात ती तर बऱ्याचदा निरोगी नाकातही होकार देते. पण काडीने नेमकी जागा उचलली की अडथळा कुठल्या उंचीवर आहे याचा अंदाज येतो. नाक बंद असण्याविषयी पाच प्रश्नांची एक प्रश्नावली असते. चोंदणं, अडथळा, श्वासाचा त्रास, झोप, आणि श्रम करताना हवा अपुरी पडणं. प्रत्येकाला ० ते ४ गुण, बेरजेला ५ ने गुणायचं. गुण जितके जास्त तितका त्रास जास्त. तिचे १०० पैकी ७५ आले. हा आकडा तिच्या फाइलवर ठळक लिहून ठेवला. पुढे तो फार उपयोगी पडला.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट बाहेर आली. सावली लपवायला तिने मधल्या काळात एका ब्युटी क्लिनिकमध्ये नाकात फिलर, म्हणजे खळगा भरणारं जेल, इंजेक्शनने भरून घेतलं होतं. हे ऐकून मला भीती वाटली. शस्त्रक्रिया झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्या मूळ जागी राहिलेल्या नसतात. फिलर चुकून वाहिनीत गेलं तर त्वचा काळी पडून मरते, आणि क्वचित डोळ्याची नजर जाते. तिच्या बाबतीत तसं काही झालं नव्हतं. पण हा तपशील नवीन सर्जनपासून लपवायचा नाही, हे तिला बजावून सांगितलं.

आधी कागद

कोणाकडे जायचं याची चर्चा सुरू होण्याआधी मी एकच आग्रह धरला: पहिल्या शस्त्रक्रियेची ऑपरेशन नोट हातात हवी. तिच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड होतं, त्यावर शस्त्रक्रियेचं नाव आणि गोळ्या. पडद्यातली कूर्चा किती काढली, ती कुठे वापरली, शेंड्याची कूर्चा कापली की टाक्यांनी आवळली, बाहेरची काही वस्तू घातली का, यातलं काहीही नाही.

केंद्राला फोन केला तर उद्या, परवा, मॅडम सुट्टीवर आहेत, सिस्टिम बंद आहे. मग लेखी अर्ज दिला. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. अर्जात दोन्ही गोष्टी लिहिल्या. हिची तीन वर्षं भरत आली होती, म्हणून घाई. कागद आले. पानभराची नोट होती, पण त्यातल्या एका ओळीत सगळं होतं: पडद्याची कूर्चा काढून शेंड्याला आधार म्हणून वापरली. बाजूच्या भिंतींना आधार दिल्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

या ओळीचं महत्त्व मी तिच्या वडिलांना समजावलं. नाक पुन्हा बांधायला कूर्चाच लागते, आणि सगळ्यात सोयीची कूर्चा पडद्यातली, कारण ती सरळ, ताठ आणि त्याच जखमेतून मिळते. ती काढतानाही वरच्या आणि पुढच्या बाजूला किमान एक-एक सेंटीमीटरची कड सोडावी लागते, नाहीतर नाक बसतं. हिची ती शिल्लक पहिल्याच वेळी खर्च झाली होती. उरतात दोन ठिकाणं. कानातली कूर्चा मऊ आणि वळलेली असते, कडेच्या दुरुस्तीला छान, भार पेलायला कमी. बरगडीची कूर्चा भक्कम आणि भरपूर, पण छातीवर व्रण, काही दिवस दुखणं, फुप्फुसाचं आवरण फाटून छातीत हवा शिरण्याचा थोडा धोका, आणि तासलेली पट्टी नंतर वाकण्याची शक्यता. ती वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंनी समतोल तासायची हे तत्त्व गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्येच दाखवून दिलं होतं. ते हाताला वळण पडायला मात्र वर्षं लागतात.

म्हणून प्रत्येक सर्जनला विचारायचा पहिला प्रश्न आम्ही ठरवला: कूर्चा कुठून आणणार, आणि तिथूनच का?

चार दारं

पहिलं दार मुंबईतलं, नावाजलेलं. आधी समुपदेशक म्हणून एक बाई बसल्या, त्यांनी कॉम्प्युटरवर तिचं नाक सरळ करून दाखवलं. मग डॉक्टर आले, बाहेरूनच पाहिलं आणि सांगितलं, सिलिकॉन घालू, तासाभराचं काम, काळजी नको. श्वासाबद्दल विचारलंही नाही. तिने ऑपरेशन नोट पुढे केली तर ती न उघडता फाइलला लावली. निघताना समुपदेशक बाई म्हणाल्या, याच आठवड्यात नक्की केलं तर सवलत आहे. सिलिकॉन सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. जगात कित्येक ठिकाणी ते पहिल्या शस्त्रक्रियेत वापरलं जातं. पण एकदा उघडलेल्या, व्रण पडलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या त्वचेखाली परकी वस्तू ठेवली की जंतुसंसर्गाची आणि ती बाहेर डोकावण्याची भीती वाढते. शिवाय वर सिलिकॉन ठेवून आत मिटलेला कोन उघडत नाही. रोग एकीकडे आणि उपाय दुसरीकडे, असं ते होतं.

दुसरं दार आमच्याच भागातले एक कान-नाक-घसा तज्ज्ञ. हात उत्तम, माझा त्यांच्यावर जुना विश्वास. त्यांनी दुर्बिणीने नाक आतून पाहिलं, पडदा चाचपला आणि स्पष्ट म्हणाले, "पहिली नाकं मी करतो. दुसऱ्यांदा उघडायची वर्षाला एखाद-दुसरीच येतात माझ्याकडे, आणि बरगडीची तर मी करतच नाही. हिने स्वतःवर माझा सराव होऊ देऊ नये." घरच्यांना वाटलं, डॉक्टरांनी अंग काढून घेतलं. मला त्या एका वाक्याने त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला. ज्याला आपल्या हाताची हद्द माहीत आहे, तो पुढचं नावही नीट विचार करून देतो. त्यांनी दिलेल्या दोन नावांपैकी एकाकडे ही मुलगी शेवटी गेली.

तिसरं दार मोबाइलमधलं, इस्तंबूलचं. तुर्कस्तानात नाकाचं काम प्रचंड होतं आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत मुरलेले सर्जनही तिथे आहेत, यात शंका नाही. पण हिच्याशी बोलत होता तो मदतनीस, व्हॉट्सॲपवर. हॉटेल, गाडी, दुभाषी, सगळं पॅकेजमध्ये. फोटो पाठवा, सर्जन पाहतील. फोटोवरून पडद्यात किती कूर्चा उरली हे कळत नाही, ते बोटाला कळतं. आणि आठ-दहा दिवसांत परत आल्यावर तिसऱ्या महिन्यात कड लाल झाली, बाराव्या महिन्यात वाकडेपणा दिसला, तर दाखवायचं कोणाला? वडिलांनी हा प्रश्न विचारला आणि ते दार तिथेच बंद झालं.

फोटोंबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लोक सर्वाधिक भुलतात ते त्यांनाच. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं होतं की सुमारे ३० सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक, दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे आधीचा फोटो जवळून आणि नंतरचा लांबून काढला तरी नाक 'सुधारतं'. म्हणून आम्ही फोटो बघायचे ते एकाच अंतरावरून, एकाच प्रकाशात, समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके आणि खालून नाकपुड्या दिसतील असे काढलेले. शिवाय ते शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षाने काढलेले हवेत आणि ते नाक दुसऱ्यांदा उघडलेलंच हवं. पहिल्या शस्त्रक्रियेचे शंभर सुंदर फोटो इथे काही सांगत नाहीत.

चौथं दार पुण्यातलं, आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिलेल्या दोन नावांपैकी. प्लास्टिक सर्जन, एमसीएच (शस्त्रक्रियेतली वरची पदवी). नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत आणि राष्ट्रीय नोंदवहीत आधी तपासून घेतलं होतं. ही तपासणी घरबसल्या होते आणि ती केल्याशिवाय कोणाकडेही जाऊ नये. दारावर नुसतं 'कॉस्मेटिक सर्जन' लिहिलं असेल तर त्यावरून मूळ पदवी कळत नाही. एमसीएच प्लास्टिक सर्जरी असो की एमएस ईएनटी (कान-नाक-घसा) करून नाकाच्या रचनेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेलं असो, दोन्ही वाटांनी उत्तम सर्जन घडतात. प्लास्टिक सर्जन की ईएनटी या वादात मी त्या घराला पडू दिलं नाही.

या सर्जनने सुरुवातीलाच ऑपरेशन नोट मागितली आणि मुलीसमोर बसून ती वाचली. मग नाकात दुर्बीण, मग कापसाच्या काडीने पडदा पुढून मागे दाबत नेला. "इथे टेकतं. इथून पुढे मऊ आहे, म्हणजे कूर्चा नाही." दोन्ही कान मागून चाचपले. त्वचा चिमटीत धरून खालून किती सुटते ते पाहिलं. श्वास घेताना भिंत कुठे आत जाते ते बाजूने बघितलं. फिलरचं ऐकल्यावर म्हणाले, आधी ते इंजेक्शनने विरघळवू, काही आठवडे थांबू, मगच खरं नाक दिसेल. त्यानंतर त्यांनी तिला विचारलं की नाकाचा विचार दिवसातून किती वेळ मनात असतो, त्यापायी कामावर जाणं, लग्नकार्याला जाणं टळतं का, आणि समजा श्वास शंभर टक्के सुधारला पण दिसणं निम्मंच सुधारलं तर काय वाटेल. आई जरा दुखावली, मुलीला वेडी समजतात की काय म्हणून. मी सांगितलं, ताई, हे प्रश्न विचारणारा डॉक्टरच हवा. रूपाच्या बारीकशा दोषाने मन पूर्ण व्यापून जाण्याचा एक आजार असतो. त्यात कितीही शस्त्रक्रिया केल्या तरी समाधान होत नाही, आणि अशा माणसाला टेबलावर घेणं म्हणजे त्याचं नुकसान करणं. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांतही शस्त्रक्रियेआधी याची चाचपणी करायला सांगितलं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कागदावर आकृती काढून दिलं. बरगडीची कूर्चा, कारण पडदा संपलेला आहे आणि बाजूची भिंत व पडद्याची पुढची कड दोन्ही उभ्या करायच्या आहेत. छेद छातीखालच्या घडीत. कान राखून ठेवायचे, पुढे कधी लागले तर. मग न विचारताच काय होणार नाही ते सांगितलं: "उजवी कड खाली येईल, पण डावीशी तंतोतंत जुळेल असं मी म्हणणार नाही. त्वचा आक्रसलेली आहे. आणखी एखादी छोटी दुरुस्ती लागू शकते, तिचा खर्च आत्ताच लिहून देतो." अशी जुनी नाकं वर्षाला किती करता, हे तिने विचारलं. त्यांनी आकडा सांगितला, त्यातली किती पुन्हा उघडावी लागली तेही सांगितलं. नाकाच्या शस्त्रक्रियांमध्ये साधारण ५ ते १५ टक्के रुग्णांना पुन्हा टेबलावर जावं लागतं असं वैद्यकीय लेखनात येतं. 'माझ्याकडे एकही नाही' म्हणणारा सर्जन एकतर फार थोडी कामं करतो किंवा रुग्णांना वर्षभर पाहत नाही.

घरातला अडसर

निर्णय तरी लगेच झाला नाही. वडिलांचं म्हणणं, एकदा हौस झाली, पैसा गेला, आता पुन्हा छाती फाडून नाक कशाला? लग्नाआधी असलं काही नको, हे आईचं. मी वडिलांसमोर तो ७५ चा आकडा ठेवला. मुलगी रात्री तोंडाने श्वास घेते, सकाळी घसा कोरडा पडलेला असतो, ही हौस नव्हे. आणि नाक नव्याने उभं करणं हे परदेशी फॅड आहे असं वाटत असेल, तर १७९० च्या दशकात पुण्यातच काय झालं तेही सांगितलं. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या सैन्याच्या हाती लागला, त्याचं नाक आणि हात कापला गेला. पुण्यात विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची त्वचा वळवून त्याचं नाक पुन्हा उभं केलं. हा वृत्तांत १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला, आणि तो वाचून युरोपातले सर्जन ही पद्धत शिकले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी खर्चाचा कागद मागितला.

विम्याचं थोडक्यात. आरोग्य विम्यात केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचाराचा भाग असेल तर वगळत नाहीत. म्हणून श्वासाच्या अडथळ्याची दुर्बिणीची नोंद आणि प्रश्नावलीचे गुण जोडून आधीच मंजुरी मागितली. काही भाग मंजूर झाला, काही खिशातून गेला.

शस्त्रक्रिया आणि नंतर

संमतिपत्रात बरगडी, कान आणि कानशिलावरचं पातळ आवरण, तिन्ही वेगवेगळे लिहून घेतले होते. आत उघडल्यावर बेत बदलू शकतो, आणि ज्याला आधी हो म्हटलेलं नाही ते केवळ सोयीसाठी उरकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे. रुग्णालय पूर्ण सोयीचं होतं, भूलतज्ज्ञ ठरलेले होते, छातीत हवा शिरली तर लगेच क्ष-किरण काढून उपाय करता येईल अशी तयारी होती. बरगडीचं काम दिवसाच्या छोट्या क्लिनिकमध्ये करायला निघालेल्यांना हाच प्रश्न विचारावा.

शस्त्रक्रिया चार तासांहून जास्त चालली. सातव्या बरगडीची कूर्चा घेतली, दोन्ही भिंतींत पट्ट्या बसवल्या, पुढच्या कडेला आणि उजव्या नाकपुडीला आधार दिला, वरून कानशिलावरचं आवरण अंथरलं. पहिले दहा दिवस नाकापेक्षा छाती जास्त दुखली. खोकताना उशी धरावी लागे. दुसऱ्या महिन्यात शेंडा फार मोठा वाटून ती रडली. सर्जनने तिला फोनवर न समजावता पुण्याला बोलावून घेतलं, त्याच कोनातून फोटो काढले आणि मागचे शेजारी ठेवून सूज कुठे आहे ते दाखवलं. इस्तंबूलहून हे शक्य झालं नसतं.

वर्षाने प्रश्नावली पुन्हा भरली. ७५ चे २० झाले होते. सावली गेली आहे, जिन्यावर भिंत मिटत नाही. उजवी कड डावीपेक्षा अजून किंचित वर आहे, नीट पाहिलं तर कळते. सर्जनने आधी सांगितलं होतं तेवढीच. ती कड कानाच्या कूर्चेने खाली आणता येईल, पण त्वचा आणखी सैल होऊ द्यावी असा त्यांचा सल्ला आहे, आणि तिलाही सध्या घाई नाही. या वेळी डिस्चार्जच्या दिवशीच ऑपरेशन नोट टाइप करून हातात मिळाली. कुठली पट्टी कुठे, किती लांब, कशाने शिवली, सगळं त्यात आहे. एक प्रत तिच्याकडे आहे, एक माझ्या फाइलला लावली आहे.